शिवकालाची भाषा आणि लोकप्रिय कलाकृती

शिवकालाच्या दर्शनाची परंपरा मराठी रंगभूमीवर व चित्रपटात दीर्घ आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ (१९२३) हा मूकपट होता. त्यामुळे दरबारात कोणती भाषा बोलली जात असे, हा प्रश्न त्यास फारसा भेडसावला नाही. बोलपट आल्यावर मात्र तो टाळता येईना. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) हे नाटक, पुढे ‘जाणता राजा’ हे महानाट्य आणि अलीकडील ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) यांसारखे चित्रपट, या साऱ्यांना त्याचे काही ना काही उत्तर द्यावे लागले.

या उत्तरांतून एक संकेत हळूहळू रूढ झाला. मराठी दरबाराची भाषा संस्कृतप्रचुर व भारदस्त, मावळ्यांची ग्रामीण, आणि फारसी-उर्दू वळण प्रायः शत्रुपक्षाकडे, अशी ही वाटणी होय. प्रेक्षकास पक्ष चटकन ओळखता यावेत, हा तिचा नाट्यगत लाभ उघड आहे. परंतु तत्कालीन कागदपत्रे ही वाटणी मान्य करीत नाहीत. सतराव्या शतकातील मराठी राजपत्रांत फारसी-अरबी शब्दांचा भरणा मोठा आहे. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीतही ‘तख्त’, ‘फौज’, ‘हवालदार’, ‘सरनोबत’ हे शब्द सहज येतात. ते परके म्हणून नव्हे, तर कारभाराचे नित्याचे शब्द म्हणून.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली तरच १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या भाषाविषयक प्रयत्नाचे महत्त्व कळते. पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर यांस अनुक्रमे मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत ही नामे देण्यात आली. ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला व त्यात सुमारे चौदाशे व्यावहारिक शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. हा कोश निर्माण व्हावा लागला, हाच प्रचलित भाषा निराळी होती याचा पुरावा होय.

या प्रयत्नाचे यश संमिश्र होते. ‘पंत अमात्य’ व ‘पंत सचिव’ ही पदनामे टिकली. उलट ‘मुख्य प्रधान’ मागे पडून ‘पेशवा’ हाच शब्द पुढील शतकाच्या माथी नाव म्हणून बसला. किल्ला, तोफ, खजिना हे शब्द तर मराठीने कधीच सोडले नाहीत. रंगमंचावरील संस्कृतनिष्ठ सरदारही ‘मुजरा’ हा अरबी मूळाचा शब्द उच्चारूनच नमन करतो.

कलाकृतीने कागदपत्रांची भाषा जशीच्या तशी वापरावी, अशी अपेक्षा रास्त नव्हे. ती आजच्या प्रेक्षकास दुर्बोध ठरेल. तथापि, दरबार आरंभापासूनच संस्कृतप्रचुर बोलत होता असे दाखविल्याने एक विपरीत परिणाम घडतो. ज्या राजाचा गौरव करावयाचा, त्याचाच एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय अदृश्य होतो. भाषेचा बदल हा त्या काळी राज्यकर्तृत्वाचा भाग होता. त्यास जन्मजात स्थिती मानणे म्हणजे ते कर्तृत्व उणे करणे होय.