हौशी रेडिओ : संच कोणता घ्यावा?

अहिल्यानगरचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पहाटे पकडलेले काँग्रेसचे पुढारी, पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, याच किल्ल्यात आणून ठेवले होते. पुढारी कोठडीत आणि वर्तमानपत्रांवर सरकारची कात्री! मग लोकांना खरी बातमी सांगायची कोणी?

ते काम मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सोबत्यांनी अंगावर घेतले. त्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ 42.34 मीटरवर बोलू लागला. त्याचे यंत्र जुळवले नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने. महायुद्ध सुरू होताच 1939 साली सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले होते; पण हातची विद्या कशी रद्द होणार? पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. अखेर 12 नोव्हेंबरला छापा पडला. पोलिसांना ठिकाण दाखवणारा प्रिंटरच होता, हेही सांगितले पाहिजे. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

आता हौशी रेडिओ म्हणजे काय, ते पाहू. आकाशवाणी बोलते, आपण ऐकतो. हौशी रेडिओत दोघेही बोलतात आणि दोघेही ऐकतात. यात व्यापार नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानची दळणवळणाची साधने कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअरला आलेल्या हौशी मंडळींनीच माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले.

आज असा संच हाताच्या पंजात मावतो. मास्तर विचारतात, शाळेसाठी डिजिटल घ्यावा का? त्याचे गुण-दोष ऐका. डिजिटल संच आवाजाचे आकडे करून पाठवतो, म्हणून खरखर नसते. मात्र लहरी क्षीण झाल्या की बोलणे एकदम तुटते. साध्या एफएम संचात खरखरीतूनही चार शब्द कळतात. शिवाय डिजिटलच्या बोली निराळ्या: डी-स्टार, डीएमआर, सी-फोर-एफएम. एका बोलीचा संच दुसरीचे बोलणे समजत नाही.

आणि डोंगराचे काय? हातातल्या संचाच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात. अकोले तालुक्यात 1646 मीटर उंचीचे कळसूबाई आडवे आले, तर महागडा संचही मुका होतो. उंचावर रिपीटर असेल, तर तो बोलणे झेलून पलीकडे धाडतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी परीक्षा देऊन सरकारी परवाना. बारा वर्षांच्या मुलामुलींनाही तो मिळू शकतो. मग जवळचे परवानाधारक कोणती बोली बोलतात, रिपीटर कोठे आहे, याची चौकशी. संच सर्वांत शेवटी, आणि त्यात साधे एफएम असावेच. 1942 साली लोक कान देऊन बसले होते, म्हणून त्या गुप्त यंत्राला अर्थ होता. आपला संच कोण ऐकणार, हे आधी ठरवा. पैसे नंतर मोजा.