दोन वाक्यांचा हुकूम

रणगाड्यांच्या दळाचा प्रमुख रणगाड्यावरच्या फिरत्या टरेटमधून डोकं बाहेर काढतो, रेडिओवर दोन वाक्यं बोलतो आणि चाळीस-पंचेचाळीस रणगाडे एकदम वळतात. सिनेमांनी हे दृश्य इतकं ओळखीचं केलं आहे, की रणगाड्याच्या जन्मापासूनच ते असणार असं वाटतं. पण रणगाडा लढाईत उतरला १९१६ साली आणि असा हुकूम देता येऊ लागेपर्यंत आणखी पंधरा वर्षं गेली.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सॉमच्या आघाडीवर, ब्रिटिशांनी पहिल्यांदा रणगाडे सोडले. ४९ नेमले होते, त्यातले ३२ आरंभरेषेपर्यंत पोचले. प्रत्येकात आठ माणसं. मधोमध उघडं इंजिन, त्यामुळे आत बोलणं शक्यच नव्हतं; गिअर बदलणाऱ्यांना खूण करायची तर पत्र्यावर ठोके मारावे लागत. बाहेर निरोप धाडायला निरोप्या कबुतरं दिली होती. अशा पेटीतल्या अधिकाऱ्याने शेजारच्या रणगाड्याला ‘डावीकडे वळ’ म्हणून सांगायचं कसं? बरेचदा तो खाली उतरून गोळीबारात पायीच वाट दाखवत चाले.

पुढच्या वर्षी, २० नोव्हेंबर १९१७ला, कांब्रेच्या लढाईत सुमारे पावणेचारशे लढाऊ रणगाडे एकाच वेळी निघाले. त्यांचे सेनापती ह्यू एलिस स्वतः ‘हिल्डा’ नावाच्या रणगाड्यात बसून, तपकिरी-लाल-हिरवा झेंडा फडकवत पुढे गेले. धाडसाला तोड नव्हती. पण आत बसलेल्या एलिस यांच्या ताब्यात होता तो एकच रणगाडा. थोड्या वेळाने ते उतरले आणि चालत मुख्यालयात परतले, कारण उरलेल्या दळाची खबर मिळाली तर तिथेच मिळणार होती.

लढाईत चटकन निर्णय घेण्याची तालीम मात्र रणगाड्याहून कितीतरी जुनी आहे. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ वरिष्ठांपुढे मांडला. त्यात एक चाल म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. समोरच्याचं सैन्य कुठे आहे, यातलं किती दाखवायचं ते पंच ठरवी. अपुरी माहिती आणि सरत चाललेला वेळ, या दोन्हींची सवय अधिकाऱ्यांना दिवाणखान्यातच होऊ लागली. पुढे प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख मोल्टके यांनी १८६९च्या सूचनांमध्ये तिला नियमाचं रूप दिलं: वरिष्ठाने अत्यावश्यक तेवढंच सांगावं, हेतू स्पष्ट करावा आणि तो कसा साधायचा ते जागेवरच्या माणसावर सोडावं. थोडक्यात हुकूम देण्याची रीत इथून रुजली. ती रणगाड्यात शिरायला यंत्राची जोड हवी होती.

ती जोड १९३१ साली इंग्लंडच्या सॅलिसबरी मैदानावर मिळाली. ब्रिगेडियर चार्ल्स ब्रॉड यांच्या रणगाडा ब्रिगेडमध्ये, लहरलांबी न ढळू देणारे, स्फटिकावर चालणारे बिनतारी संच बसवले होते. सरावाच्या अखेरीस दाट धुकं पडलं. झेंड्यांच्या खुणा दिसणं शक्य नव्हतं. तरीही सगळी ब्रिगेड रेडिओवरच्या हुकमांनिशी धुक्यातून चालत गेली आणि पाहुण्यांपुढे नेमक्या जागी येऊन उभी राहिली.

हा धडा सर्वांत गांभीर्याने गिरवला तो जर्मन अधिकारी हाइन्झ गुडेरियान यांनी. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ते घोडदळासोबतच्या बिनतारी ठाण्याचे प्रमुख होते, त्यामुळे रेडिओचं मोल त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता: प्रत्येक रणगाड्यात रेडिओ, आणि टरेटमध्ये तीन माणसं. तोफ भरणारा एक, नेम धरणारा दुसरा, आणि तिसऱ्याचे हात मोकळे. या तिसऱ्याने फक्त बघायचं आणि बोलायचं. १९४० साली फ्रेंचांच्या ‘सोमुआ’ आणि ‘शार बी’ या रणगाड्यांचं चिलखत जाड होतं, तोफाही चांगल्या होत्या. पण त्यांच्या टरेटमध्ये एकच माणूस मावत असे. तोफ भरायची त्याने, नेम धरायचा त्याने आणि हुकूमही त्यानेच द्यायचे. असा माणूस कितीही हुशार असला, तरी सुचलेलं सांगायला त्याला उसंत कुठून मिळणार?

भारतीय सैन्यात या दळाला रेजिमेंट म्हणतात: तीन स्क्वाड्रन, साधारण पंचेचाळीस रणगाडे. ११ सप्टेंबर १९६५ रोजी, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, सियालकोट आघाडीवर ‘पूना हॉर्स’ ही रेजिमेंट फिलोरा हे गाव पाठीमागून गाठण्यासाठी फिलोरा आणि चविंडा यांच्या मधून घुसत होती. वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या जड रणगाड्यांनी अचानक उलटा हल्ला चढवला. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर तेव्हा दळाच्या अग्रभागी होते. मागे सरणं, सगळ्यांनिशी वळून भिडणं, की मूळ मोहीम चालू ठेवणं? त्यांनी कामाची वाटणी केली. हल्ल्यासमोर पाय रोवून ठाण मांडलं आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची एक बटालियन घेऊन फिलोरावर चाल केली. जखमी झाले तरी त्यांनी मागे जायला नकार दिला. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांच्या परमवीर चक्राच्या मानपत्रात रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे मोडल्याची आणि स्वतःचे ९ गमावल्याची नोंद आहे.

सहा वर्षांनी, डिसेंबर १९७१मध्ये, बसंतर नदीवर याच रेजिमेंटचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल हनुतसिंग. रात्रीची वेळ, सुरुंगपट्टा अर्धवटच साफ झालेला आणि पलीकडे पोचलेलं पायदळ शत्रूच्या रणगाड्यांची चाहूल लागल्याने मदत मागत होतं. पट्टा पूर्ण साफ होईपर्यंत थांबलं तर पलीकडचं पायदळ एकटं पडणार होतं. हनुतसिंग यांनी रणगाडे सुरुंगांमधूनच पुढे घातले. सकाळी पॅटन रणगाड्यांचा प्रतिहल्ला आला, तेव्हा सेंच्युरियन तिथे हजर होते.

दोन्ही प्रसंगांत हुकूम लहानच लागला असणार, कारण मोठा हुकूम सरावात आधीच देऊन झालेला असतो. कुणी ठाण मांडायचं, कुणी बगल गाठायची, कोण कुणाच्या आडोशाने पुढे सरकणार, हे ट्रूपच्या तीन रणगाड्यांपासून वरपर्यंत घटवलेलं असतं. खो मिळालेला गडी विचार करत बसत नाही, तसंच इथेही. हे घटवून घेण्याचं ठिकाण म्हणजे आपल्या अहिल्यानगरचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल. हनुतसिंग पुढे या संस्थेचे प्रमुख झाले.

आता ड्रोन टेकडीपलीकडचं दाखवतात आणि पडद्यावर आपले-परके ठिपके उमटतात. पण शत्रू रेडिओच्या लहरी बुजवूनही टाकतो, आणि त्या क्षणी पंचेचाळीस रणगाड्यांचा प्रमुख कांब्रेच्या एलिसइतकाच एकटा पडतो. मग दळ चालतं ते त्याचा हेतू ट्रूपलीडरला किती कळला आहे यावर. हा हेतू समजावून सांगायला प्रमुखाला मिळतो तो लढाईआधीचाच वेळ.