रविवारच्या सहली आणि फोटोंची पाठ

मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लिम घरांत पत्र्याचा एक डबा असतो. कधी बिस्किटांचा, कधी मिठाईचा. शादीचे फोटो त्यात नीट पुडक्यात बांधलेले असतात आणि तळाशी सुटे पडलेले असतात सहलींचे फोटो. रविवारी सकाळी खिमा-रोटी बांधून एसटीने किंवा भाड्याच्या जीपने निघायचे. पाणचक्की, बीबी का मकबरा, दौलताबाद, खुलताबाद आणि जमलेच तर वेरूळ बघायचे आणि मगरिबपर्यंत घर गाठायचे, अशी ती एका दिवसाची सैर. हे फोटो आम्ही आठवण म्हणून जपतो, पण इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहत नाही. पाहायला हवे, असे आम्हांस वाटते.

पूर्वी फोटो काढणे स्वस्त नव्हते. अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा त्या काळी मध्यमवर्गाला परवडणारा कॅमेरा. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. सहल पाच ठिकाणांची आणि फोटो बारा! त्यामुळे कुठे थांबायचे, कोणाला उभे करायचे, मागे काय दिसले पाहिजे, याचा विचार करूनच बटण दाबले जाई. ते बारा फोटो म्हणजे एका कुटुंबाने आपल्या प्रदेशातून केलेली निवडच होय.

याच वास्तूंचे जुने फोटो साहेब लोकांनी आणि दरबारी छायाचित्रकारांनीही काढले आहेत. मेजर रॉबर्ट गिलने अजिंठ्याची चित्रे रंगवली, तशीच इथल्या लेण्यांची छायाचित्रेही घेतली. ती १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्याने रंगवलेल्या नकलांपैकी बऱ्याचशा १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीही निजामाच्या मुलखातल्या वास्तू टिपल्या. ही कामे मोठीच आहेत. पण त्यांत माणूस असलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. आमच्या डब्यातल्या फोटोंत मात्र वास्तू मागे असते आणि पुढे नकाब वर केलेली खाला, टोपी सावरणारे दादामियाँ, मांडीवरचे रडके पोर. त्या फोटोंतून इमारत कळते, या फोटोंतून त्या इमारतीशी लोकांचे नाते काय होते ते कळते.

आता मकबऱ्याचा फोटो घ्या. सगळे कुटुंब मोठ्या दरवाजापुढे उभे आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिची ही कबर १६६० च्या सुमारास उभी राहिली. लोक ताजमहालाशी तुलना करून तिला कमी लेखतात. पण ज्या दरवाजापुढे कुटुंब उभे आहे, त्याच दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत : एक अताउल्ला, वास्तुकार, दुसरे हंसपतराय, अभियंता. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बेगमेच्या कबरीच्या दारावर एका मुसलमानाचे आणि एका हिंदूचे नाव कारागीर म्हणून शेजारी शेजारी आहे. गंगा-जमनी संस्कृतीवर व्याख्याने देण्यापेक्षा मुलांना हा दरवाजा दाखवावा. आमच्या फोटोंत नेमकी ती नावे माणसांच्या डोक्यांमागे झाकली जातात, एवढेच!

दुसरा फोटो पाणचक्कीचा. मागे भिंतीवरून हौदात पाणी कोसळते आहे, पुढे मुले भिजत आहेत. हे पाणी काही मैलांवरच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांतून येई. मध्य आशियातून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ त्या पाण्यावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. राजवाड्याचे कारंजे फिरवण्यासाठी नव्हे, तर भुकेल्याच्या भाकरीसाठी केलेले हे यंत्र आहे. शहराला जमिनीखालून पाणी आणण्याची ही विद्या त्याआधी शंभर वर्षे नहर-ए-अंबरीने इथे रुजवली होती. नहर मात्र जमिनीखाली, त्यामुळे ती कोणाच्याही फोटोत नाही.

दौलताबादच्या फोटोंत दोन जागा हमखास सापडतात : चाँद मिनार आणि तोफ. मिनार पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीनाने उभारला. यादवांची देवगिरी, १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी केलेले दौलताबाद, मग बहमनी, निजामशाही, मुघल, असा तो एकच डोंगर. वर चढताना चिनी महाल लागतो. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह याला मरेपर्यंत इथेच कैदेत ठेवले होते. कैद करणारा मुसलमान बादशाह, कैदी मुसलमान सुलतान. दख्खनचा इतिहास हा दोन धर्मांचा झगडा होता, असे म्हणणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी ही पायरी जरूर चढावी.

आता जे फोटोंत नाही त्याच्याकडे वळू. आम्ही अनेक घरांतले डबे पाहिले. खुलताबादचे फोटो निघतात ते दर्ग्यांच्या दारातले. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब, हजरत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांवर माणसे श्रद्धेने जातात. पण त्याच गावात मलिक अंबरची कबर आहे आणि तिच्यापुढचा फोटो आम्हांला एकाही डब्यात सापडला नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. शेतसाऱ्याची व्यवस्था लावली, नहर आणली, गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणले. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. भोसल्यांच्या या दोन भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पीरांवरून ठेवली, असे परंपरा सांगते. १६२६ साली अंबर वारला. ज्याने शहर वसवले, पाणी दिले, तो बाराच्या रोलमध्ये बसला नाही. कारण तो ना पीर होता, ना बादशाह.

शहराचे नाव मात्र बदलत राहिले. खडकीचे अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, फतेहनगर केले. औरंगजेबाने १६५३ नंतर औरंगाबाद केले. २०२३ साली ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, बंदोबस्त लागला, आड पत्रे उभे राहिले. ती कबर म्हणजे आभाळाखालची मातीची साधी कबर. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरच्या काळातली. वाद घालणाऱ्यांत ती पाहिलेले किती, हा प्रश्नच आहे. अशा दिवसांत मुले विचारतात, "सर, जुन्या फोटोच्या मागे औरंगाबाद लिहिले आहे, खोडायचे का?" आम्ही सांगतो, खोडू नका. साल लिहा. त्या सालात गावाचे जे नाव होते ते त्या फोटोचे नाव. आजच्या फोटोवर आजचे नाव लिहा. इतिहासात खाडाखोड नसते, बाजूला तारीख असते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. फोटोच्या पाठीमागे आमच्या वडीलधाऱ्यांनी लिहिले ते उर्दूत, घाईच्या शिकस्त अक्षरात. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ते वाचता येत नाही. वाचू शकणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. पुढची बाजूही टिकत नाही. रंगीत फोटो तांबूस पडत चालले आहेत, चेहरे विरत आहेत. आणखी वीस वर्षांनी त्या डब्यात अनोळखी माणसे अनोळखी भिंतींपुढे उभी असतील. आणि ज्या समाजाजवळ आपल्या फोटोंची ओळख नसते, त्याची ओळख मग दुसरे लोक सांगू लागतात.

म्हणून उपाय साधा आहे. एका सुट्टीच्या दिवशी डबा उघडावा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला मधोमध बसवावे. पुरुषांपेक्षा त्यांना जास्त आठवते. एकेक फोटो दाखवून विचारावे : कोण, कुठे, कोणत्या साली, कोणाबरोबर? मग शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, जुन्या उर्दू ओळीला धक्का न लावता तिच्याखाली तोच मजकूर देवनागरीत लिहावा. उर्दू आमच्या अम्मीची आहे, मराठी आमच्या मातीची आहे. फोटोच्या पाठीवर दोघींना जागा पुरते.

आणि पुढल्या रविवारी खुलताबादला जाणार असाल, तर मलिक अंबरच्या कबरीपाशी मुलांना उभे करून एक फोटो जरूर काढा. मोबाईलवर आता बाराची मर्यादा नाही.