दुय्यमाचा अंमल

अमेरिकेतील विमानमार्ग-नियंत्रण केंद्रांत १९७० नंतरच्या दशकात गणकयंत्र एकाएकी बंद पडले, की नियंत्रक समोरचा उभा रडारचा पडदा खाली ओढून मेजासारखा आडवा करीत, प्लॅस्टिकच्या लहानशा तुकड्यांवर ग्रीस-पेन्सिलीने एकेका विमानाचे नाव व उंची लिहीत, आणि ज्याचा जो प्रकाशबिंदू त्याच्या शेजारी तो तुकडा ठेवून, बिंदू सरके तसतसा त्याला बोटाने पुढे सारीत. या तुकड्यांना त्या धंद्याच्या बोलीत 'श्रिंप बोट', म्हणजे कोळंबी धरणारी होडी, असे नाव होते. आणि वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहून क्षितिजालगत रेंगाळणाऱ्या होड्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे रूपक समजावून सांगण्याची गरज नाही. मुख्य यंत्र शुद्धीवर येईपर्यंत शेकडो प्रवाशांचा भार असा बोटांच्या टोकांवर तोललेला असे. हा दुय्यमाचा अंमल.

वास्तविक हा दुय्यम म्हणजे त्या घरचा मूळ धनी होता. डिसेंबर १९३५ मध्ये न्यूअर्क येथे विमानकंपन्यांनी, अर्ल वॉर्ड यांच्या पुढाकाराने, आपल्याच खर्चाने पहिले मार्ग-नियंत्रण केंद्र उघडले, आणि पुढील वर्षीच्या जुलैत सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. तेथे रडार नव्हते. टेलिफोनवर आलेली खबर फळ्यावर मांडावयाची, आणि वेळेच्या व वेगाच्या हिशेबाने नकाशावरील खूण पुढे सरकवावयाची, एवढाच तो कारभार. पुढे रडार आले आणि तीच खूण नकाशावरून उठून पडद्यावर जाऊन बसली. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळून १२८ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही जुनी वहिवाट वाढत्या रहदारीस पुरणार नाही हे सर्वांना कळून चुकले; १९५८ मध्ये स्वतंत्र विमानवाहतूक खाते स्थापन झाले आणि गणकयंत्राचा मार्ग मोकळा झाला.

हे यंत्र आयबीएमचे ९०२०. त्याच्या रचनेत एक शहाणपण होते: गणना करणारे, स्मरण ठेवणारे आणि देवघेव करणारे असे त्याचे अनेक घटक असत, आणि एखादा आजारी पडला तर त्याला बाजूस काढून उरलेल्यांनी काम वाटून घ्यावे अशी तजवीज केलेली होती. १९७५ पर्यंत मुख्य भूमीवरील वीसही केंद्रांत ते रडारचे काम पाहू लागले. पडद्यावर प्रत्येक विमानाशेजारी त्याचे नाव, उंची व वेग यांचे अक्षरलेख आपोआप उमटू लागले. तरीही सगळे यंत्र एकदम थांबे असे प्रसंग येतच, आणि तेव्हा हे अक्षरलेख लोपून उरे तो निव्वळ मुका बिंदू. कोणता बिंदू कोणाचा, हे मग सांगावे ते नियंत्रकाच्या स्मरणाने आणि त्याच्या हाताशी रचून ठेवलेल्या कागदी पट्ट्यांनी. या पट्ट्यांवर यंत्र चालू असतानाही प्रत्येक हुकूम हाताने लिहिला जाई. संकटकाळचा हवाला रोजच्या कामातच तयार होत असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९८० च्या सुमारास पडदा आडवा पाडण्याची ही पाळी टळली, कारण रडारची माहिती ९०२० ला वळसा घालून थेट पडद्यावर आणणारी एक स्वतंत्र व्यवस्था बसविण्यात आली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवली की 'डार्क' असा शब्द होई. अंधारात दिवा घेऊन येणाऱ्याचेच नाव अंधार ठेवणारे कारकून जगाच्या सर्व दफ्तरांत सापडतात. तिची बुद्धी बेताची होती, फ्लाइट प्लॅनचा हिशेब तिला जमत नसे. परंतु ती वेगळ्या जातीची होती, आणि मुख्य यंत्राच्या चुका करण्याइतकी ती शहाणी नव्हती.

पुढे ९०२० गेले, १९८८ पर्यंत 'होस्ट' आले, आणि २०१५ मध्ये सर्व केंद्रांत 'इरॅम' स्थिरावले. यात एकसारख्या दोन वाहिन्या असतात. एक थकली की दुसरीने त्याच क्षणी चार्ज घ्यावा. लोखंड बिघडले तर ही जुळी भावंडे उत्तम, कारण दोघांचे लोखंड एकाच घटकेला सहसा बिघडत नाही. पण दोघांच्या डोक्यात एकच प्रोग्राम असल्यावर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

याचा प्रत्यय इंग्लंडात आला. २८ ऑगस्ट २०२३ रोजी, सुटीच्या सोमवारी सकाळी, लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन ब्रिटिश यंत्रणेकडे आला. त्याच्या मार्गात 'डीव्हीएल' या एकाच संक्षेपाची दोन ठिकाणे होती, एक अमेरिकेतील डेव्हिल्स लेक आणि दुसरे फ्रान्समधील दोव्हिल. विमान ब्रिटिश हद्दीबाहेर कोठे पडते ते शोधताना प्रोग्रामला पहिल्या क्रमाने अमेरिकेचे ठिकाण सापडले, म्हणजे प्रवेश होण्यापूर्वीच निर्गमन झाले. हा घोळ त्याला सुटेना, तेव्हा चुकीची माहिती पुढे जाऊ नये म्हणून त्याने नियमाप्रमाणे काम थांबविले. दुय्यमाने तत्काळ सूत्रे हाती घेतली, तोच कागद उघडला, तेच वाचले आणि तोही थांबला. या सर्व प्रकाराला वीस सेकंदही लागले नाहीत. त्या दिवशी आणि पुढे सात लाखांहून अधिक प्रवाशांचा खोळंबा झाला. हा प्रोग्राम ज्या यंत्रणेला माहिती पुरवीत असे तिच्याकडे चार तासांपुरते फ्लाइट प्लॅन साठविलेले होते. ते संपण्याच्या आत दुरुस्ती झाली नाही.

या दोघांनी ज्या यंत्रणेला माहिती पुरवावयाची ती 'नॅस' मात्र १९७० च्या दशकात ९०२० बरोबर अमेरिकेहून इंग्लंडात आलेल्या प्रोग्रामच्याच वंशातली आहे. ती बंद पडली नव्हती. दुपारी अडीचच्या सुमारास बिघडलेली यंत्रणा पुन्हा सुरू होईपर्यंत माणसे तिच्यात एकेक फ्लाइट प्लॅन हाताने टंकीत बसली होती.