पेरी, ट्रॉय

(जन्म : २७ जुलै १९४०). अमेरिकन ख्रिस्ती पाळक, समलिंगी हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्ते आणि मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च या पंथाचे संस्थापक. जन्म फ्लॉरिडा राज्यातील टॅलाहासी येथे. पाच भावांत ते थोरले. वडिलांचा बेकायदा दारूचा धंदा होता. पोलिसांना चुकवून गाडी हाकताना झालेल्या अपघातात ते मरण पावले, तेव्हा ट्रॉय लहान होते. पुढे सावत्र वडिलांच्या जाचाला कंटाळून त्यांनी घर सोडले आणि जॉर्जियातील नातेवाइकांकडे आसरा घेतला. तिथल्या पेन्टेकॉस्टल मंडळ्यांतली आवेशाची प्रवचने त्यांनी जवळून ऐकली. तीच धाटणी पुढे त्यांच्या वाणीत कायम राहिली. वयाच्या पंधराव्या वर्षीच बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना प्रवचनाचा परवाना दिला.

१९५९ मध्ये एका पाळकाच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला; त्यांना दोन मुलगे. इलिनॉय राज्यात चर्च ऑफ गॉड या पंथाची सेवा करत असताना त्यांच्या समलिंगी संबंधांची कुणकुण वरिष्ठांना लागली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. कॅलिफोर्नियात चर्च ऑफ गॉड ऑफ प्रॉफसी या दुसऱ्या पंथात ते पुन्हा पाळक झाले. मात्र आपण समलिंगी आहोत हे आता त्यांनी स्वतःशी मान्य केले होते, आणि त्यापायी पाळकपदही गेले व संसारही मोडला. काही काळ त्यांनी सिअर्सच्या दुकानात नोकरी केली. १९६५ मध्ये सक्तीच्या भरतीत ते सैन्यात गेले आणि जर्मनीत राहून आले.

१९६८ मध्ये प्रेमभंगातून त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते बचावले. त्याच सुमारास पोलिसांनी त्यांच्या एका मित्राला बारमधून पकडून नेले. सुटून आलेल्या मित्राला वाटत होते की आपल्यासारख्यांची ना माणसांना पर्वा, ना देवाला. यावर पेरींनी काढलेला मार्ग अगदी पाळकाचा होता: उपासना सुरू करायची. ‘द ॲडव्होकेट’ या समलिंगींच्या नियतकालिकात त्यांनी जाहिरात दिली. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्कमध्ये, त्यांच्या राहत्या घराच्या दिवाणखान्यात १२ माणसे जमली. अर्पणाच्या थाळीत ३ डॉलर १८ सेंट पडले. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल या बारमधला समलिंगींचा पोलिसांविरुद्धचा उठाव यानंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी झाला, आणि कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध तेव्हा कायद्याने गुन्हा होते. अमेरिकेतील समलिंगी चळवळ म्हटली की स्टोनवॉलपासून मोजणी सुरू होते; हा दिवाणखाना त्या मोजणीत बहुधा राहून जातो.

मंडळी झपाट्याने वाढली. घर अपुरे पडले, मग भाड्याच्या सभागृहांत आणि हॉलिवूडमधल्या एका चित्रपटगृहात उपासना होऊ लागली. मार्च १९७१ मध्ये स्वतःच्या वास्तूचे समर्पण झाले, तेव्हा हजारांहून अधिक लोक हजर होते. दरम्यान १९७० मध्ये इतर शहरांतील मंडळ्या एकत्र येऊन पंथाची रीतसर घडण झाली होती. पंथाचा विश्वास मूळ ख्रिस्ती मतांनाच धरून होता. वेगळेपण होते ते दार उघडे ठेवण्यात: प्रभुभोजन सर्वांसाठी खुले, आणि स्त्रियांना पाळकपद. १९७३ मध्ये फ्रीडा स्मिथ या पंथाच्या वडीलमंडळावर निवडून आल्या. समलिंगी जोडप्यांचे विवाह तर पेरी सुरुवातीपासून लावत होते, त्यांना सरकारदरबारी मान्यता नसली तरी.

जून १९७० मध्ये मॉरिस काइट व बॉब हम्फ्रीज यांच्यासह त्यांनी लॉस एंजेलिसची पहिली प्राइड मिरवणूक काढली. पोलिसप्रमुख एड डेव्हिस यांचा तिला कडवा विरोध होता. परवानगीसाठी लाखो डॉलरच्या हमीची अट घालण्यात आली. न्यायालयाने ती रद्द करून पोलिसांनाच बंदोबस्त ठेवायला लावले. मिरवणूक संपल्यावर पेरी हॉलिवूड बुलेव्हार्डवर उपोषणाला बसले आणि अटकेत गेले. उपोषण हे हत्यार त्यांनी पुढेही वापरले. समलिंगी शिक्षकांना शाळांतून काढण्याचा ब्रिग्ज प्रस्ताव आला, तेव्हा १९७७ मध्ये १६ दिवस अन्नत्याग करून त्यांनी विरोधी प्रचारासाठी एक लाख डॉलर उभे केले. नोव्हेंबर १९७८ मध्ये मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला.

१९७३ हे वर्ष पंथाच्या इतिहासात आगीचे वर्ष ठरले. जानेवारीत लॉस एंजेलिसची वास्तू जळाली. २४ जूनला न्यू ऑर्लिन्समधील अपस्टेअर्स लाउंज या बारला कोणी तरी आग लावली. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीतले बरेच जण तिथे जमलेले होते. ३२ जण मृत्युमुखी पडले. स्थानिक पाळक बिल लार्सन गज असलेल्या खिडकीत अडकून गेले. त्यांचा देह कित्येक तास रस्त्यावरून दिसत होता. साहाय्यक पाळक जॉर्ज मिचेल बाहेर पडले होते, ते जोडीदाराला आणायला आत शिरले आणि दोघेही दगावले. शहरातल्या बहुतेक चर्चनी शोकसभेला जागा नाकारली. एका एपिस्कोपल धर्मगुरूने छोटी प्रार्थना घेतली, तर त्यालाच आपल्या बिशपचे बोल ऐकावे लागले. पेरी विमानाने तातडीने पोचले होते. १ जुलैला सेंट मार्क्स मेथडिस्ट चर्चमध्ये त्यांनी शोकसभा घेतली. बाहेर कॅमेरे लागले आहेत, ओळख उघड होऊन नोकरी जाण्याची भीती ज्यांना असेल त्यांनी बाजूच्या दाराने जावे, असे त्यांनी सांगितले. सगळे समोरच्या दारानेच बाहेर पडले. आगीबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

पेरींवर टीका दोन्ही बाजूंनी झाली. कर्मठ ख्रिस्ती त्यांना पाखंडी म्हणत; चळवळीतल्या निधर्मी मंडळींना, ज्या चर्चने छळले त्याच चर्चमध्ये माणसे परत नेणे पटत नव्हते. दुसरा आक्षेप पोकळ नव्हता. पण एड्सच्या साथीत, जिथे इतर पाळक पाय ठेवायला तयार नव्हते, तिथे रुग्णांच्या खाटेशी आणि अंत्यविधीला उभे राहिले ते याच पंथाचे पाळक. प्रस्थापित चर्चांनी मात्र पंथाला आपल्यात घेतले नाही: अमेरिकेच्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसने सदस्यत्वाचा प्रश्न १९८३ मध्ये बेमुदत लांबणीवर टाकला.

२००३ मध्ये पेरी यांनी दीर्घकाळचे जोडीदार फिलिप रे डी ब्लिक यांच्याशी टोरांटो येथे विवाह केला. समलिंगी विवाहाला मान्यता मिळावी म्हणून कॅलिफोर्नियात झालेल्या खटल्यांत हे दोघेही वादी होते. मे २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल वादींच्या बाजूने दिला. त्याआधी २००५ मध्ये पेरी पंथप्रमुखपदावरून निवृत्त झाले होते आणि सूत्रे नॅन्सी विल्सन यांच्याकडे गेली होती. तोवर पंथाच्या मंडळ्या वीसहून अधिक देशांत पसरल्या होत्या.

त्यांची आत्मचरित्रपर पुस्तके दोन : ‘द लॉर्ड इज माय शेफर्ड अँड ही नोज आय ॲम गे’ (१९७२) आणि ‘डोन्ट बी अफ्रेड एनीमोअर’ (१९९०). पहिले न्यू ऑर्लिन्सच्या आगीपूर्वीचे आहे. पंथाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर दुसरेच अधिक उपयोगी.