शेवटपर्यंत राहिली तरच पोटगी

१९२६ साली नागूबाई मंगळूरकर यांचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे निकाली निघाला. मुंबईतल्या एका हिंदू गृहस्थाशी त्यांचा लग्नाविना, पण उघड आणि कायमचा संबंध होता. तो गेल्यावर त्याच्या इस्टेटीतून आपल्याला अन्नवस्त्र मिळावं, एवढीच त्यांची मागणी होती. मुंबई हायकोर्टाने ती फेटाळली, कारण नागूबाई त्या गृहस्थाच्या कुटुंबात, एका छपराखाली राहत नव्हत्या. प्रिव्ही कौन्सिलने हा निकाल फिरवला. संबंध उघड, टिकाऊ आणि एकनिष्ठ असेल, तर बाईने बायकोमुलांसोबत त्याच घरात राहिलंच पाहिजे असं नाही, असं तिथल्या न्यायमूर्तींनी ठरवलं.

या हक्काचं मूळ इंग्रजी कायद्यात नव्हतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. एका पुरुषाने कायमची ठेवलेली स्त्री, म्हणजे ‘अवरुद्ध स्त्री’, हिच्या पोटाची सोय मयताच्या मालमत्तेतून करावी, ही तरतूद त्या परंपरेतून आली. पेशवाईत ‘नाटकशाळा’ म्हणवल्या जाणाऱ्या राखलेल्या स्त्रियांपासून मुंबईच्या पेढीवाल्यांच्या दुसऱ्या बिऱ्हाडापर्यंत अशा स्त्रिया समाजात होत्याच. गावात त्यांना ‘ठेवलेली बाई’ म्हणत. कोर्टाच्या कागदावर त्यांना निदान एक दर्जा होता.

मुंबई हायकोर्टाने पुढे हा दर्जा आणखी रुंद केला. अक्कू प्रल्हाद विरुद्ध गणेश प्रल्हाद या १९४५ च्या खटल्यात पूर्णपीठासमोर प्रश्न होता तो बाईच्या आधीच्या लग्नाचा. नवरा हयात असताना ती दुसऱ्याच्या घरी राहिली, तर तिला अवरुद्ध म्हणायचं का? पूर्णपीठाने होय म्हटलं. ज्याच्याकडे राहिली त्याच्याशी ती एकनिष्ठ असेल, तर पोटगी तिचीच. त्या काळच्या सोवळ्या समाजात हा निकाल फार धाडसाचा होता.

पण त्या साऱ्या उदारपणात एक मोठी फट होती. हक्क मिळायचा तो पुरुष मेल्यावर. त्याने हयातीतच बाईला घराबाहेर काढलं, तर वीस वर्षं एकत्र काढूनही तिला त्याच्यावर दावा लावता येत नसे. संबंध मृत्यूपर्यंत टिकला पाहिजे ही पहिली अट, आणि तो गेल्यावरही तिने दुसरा संबंध ठेवायचा नाही ही दुसरी. मिळायची तीही पोटगीच, मालकी नव्हे. त्याने जिवंतपणी रीतसर बक्षीसपत्र करून खोली वा जमीन नावावर केली असेल, तर तेवढंच तिचं. म्हणजे ज्या क्षणी बाईला आधाराची खरी गरज, त्या क्षणी शास्त्रही गप्प आणि कोर्टही. हा अन्याय त्या काळच्या निकालपत्रांत क्वचितच कुणाला बोचलेला दिसतो.

१९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याने तेही संपवलं. आश्रितांच्या यादीत अनौरस अल्पवयीन मुलगा आणि अविवाहित मुलगी राहिली; त्यांची आई गळाली. एकपत्नीत्वाच्या नव्या कायद्यात तिला जागा ठेवायची नव्हती, हे समजण्यासारखं आहे. पण तिच्या वाट्याला त्याबदली काहीच आलं नाही.

पुढची पन्नास वर्षं जवळजवळ रिकामी गेली. मग २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि ‘विवाहसदृश संबंध’ असलेल्या स्त्रीलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळाला. राहण्याचा; त्या घराच्या मालकीचा नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेलुसामी खटल्यात अटी घातल्या : दोघंही लग्नाच्या वयाचे, लग्न करायला मोकळे, बराच काळ एकत्र राहिलेले आणि समाजात नवरा-बायकोसारखे वावरणारे हवेत. २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात बाई बरीच वर्षं एका विवाहित पुरुषाबरोबर राहिली होती. तो विवाहित आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून हा संबंध विवाहसदृश ठरला नाही आणि तिला त्या कायद्याखाली दाद मिळाली नाही. अशा स्त्रियांसाठी संसदेने विचार करावा, असं न्यायालयाने लिहिलं. पहिल्या बायकोचा आणि मुलांचा हक्क जपायचा, ही न्यायालयाची काळजी खोटी नव्हती. तरीही १९४५ च्या अक्कूला जे मिळालं, ते २०१३ मध्ये मिळालं नाही, हे नोंदवायलाच हवं.

मालकीचा प्रश्न मात्र उरतोच. आज पुण्यात, मुंबईत लग्नाविना राहणारे दोघं मिळून फ्लॅट घेतात तेव्हा खरी गोम खरेदीखतात असते. दोघांची नावं असतील तर हिस्सा मागता येतो. नाव एकाचं आणि हप्ते दुसऱ्याचे असतील, तर बेनामी व्यवहारांचा कायदा आडवा येतो. पती किंवा पत्नीच्या नावे, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला तो सूट देतो. लग्नाविना सोबत राहणाऱ्या जोडीदाराला त्या सुटीत जागा नाही. मग ‘पैसे माझे होते, घर माझं’ असा दावा त्या कायद्यापुढे उभा राहणं कठीण. म्हणून अशा जोडप्यांना वकील आधी एकच गोष्ट सांगतात : नोंदणीच्या दिवशी दोघांनीही सह्या करा, आणि कुणाचे किती पैसे गेले ते खरेदीखतातच लिहून घ्या.