पाण्याच्या विद्युत अपघटनाचे उत्प्रेरक

विजेच्या साहाय्याने पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन मिळवताना अग्रांवरील अभिक्रिया जलद करणारे पदार्थ. विजेने पाण्याचे अपघटन विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी १८०० मध्ये लंडन येथे केले. सिद्धांतानुसार सामान्य तापमानाला १.२३ व्होल्ट दाब पुरतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक द्यावा लागतो. हा जादा दाब म्हणजे वाया जाणारी वीज. तो कमी करणे हा उत्प्रेरक घडवण्यामागचा हेतू होय.

ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. उत्प्रेरकाने हायड्रोजनचा अणू फार घट्टही धरू नये आणि फार सैलही, हा पॉल साबात्ये यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम प्लॅटिनम उत्तम पाळतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरांच्या कडाही या कामी येतील असे २००५ मध्ये गणिताने वर्तवले गेले व २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले.

खरी अडचण धनाग्रावर आहे. ऑक्सिजनचा एक रेणू तयार होताना चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन निघून जातात आणि वाटेत ओएच, ओ व ओओएच हे तीन मध्यस्थ पृष्ठभागाला चिकटतात. ओएच व ओओएच यांच्या ऊर्जांमधील अंतर आदर्श स्थितीत २.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावे. पण बहुतेक ऑक्साइडांवर ते ३.२ च्या आसपासच राहते. एकाची पकड बदलली की दुसऱ्याचीही तशीच बदलते. त्यामुळे केवळ धातू बदलून ही कोंडी फुटत नाही.

अल्कली द्रावणात निकेल-लोह ऑक्सिहायड्रॉक्साइड उत्तम ठरते. निकेलच्या अग्रावर लोहाच्या अत्यल्प अशुद्धीचाही मोठा परिणाम होतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवले होते. तरीही निकेल ‘मुरल्याने’ सुधारते, अशी समजूत पुढे बराच काळ टिकली. ती सुधारणा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून शिरलेल्या लोहामुळे होते, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून द्रावणातले लोह काढल्याखेरीज निकेलविषयी केलेला दावा ग्राह्य धरू नये.

आम्लात निकेल व लोह विरघळतात. रुथेनियम ऑक्साइड तत्पर असले तरी झिजते. उरते इरिडियम ऑक्साइड, आणि इरिडियमचे जागतिक वार्षिक उत्पादन दहा टनांहूनही कमी आहे. पाण्यापासून ऑक्सिजन सोडवण्याचे हेच काम वनस्पती मँगॅनीज व कॅल्शियमच्या पुंजक्याकडून करून घेतात. मात्र त्याभोवतीचे प्रथिन उन्हात सतत खराब होते व पेशी ते पुन्हापुन्हा बदलते. कारखान्यातील अग्राला ही सोय नाही. यास्तव टिकाऊपणाची कसोटी तत्परतेइतकीच महत्त्वाची मानावी लागते. आम्लातील धनाग्रावर इरिडियमची जागा घेणारा स्वस्त व टिकाऊ उत्प्रेरक उद्योगांत अद्याप रुळलेला नाही.